वाचक विचारतात : पॅनल, हॉर्न की आपला साधा डबा?

प्रश्न : कोल्हापुरात राजारामपुरीत फ्लॅट आहे, हॉल 11 बाय 14 फूट, सोफा एका भिंतीला टेकलेला, समोर टीव्हीचं युनिट, खाली टाइल्स. ऐकणं मुख्यतः ख्याल, त्यात जयपूर घराणं जास्त, मधेमधे जुनी नाट्यगीतं. ॲम्प्लिफायर 40 वॅटचा, तो बदलायचा नाही. पुण्यात मित्राकडं इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर ऐकले आणि डोकंच फिरलं, दुसरा एकजण म्हणतो हॉर्नच घे, कमी वॅटात दणकून वाजतो. एकदाच खर्च करणार आहे, काय घेऊ?

उत्तर : जयपूर घराण्याचे अल्लादियाखाँसाहेब राहिले त्या गावात ऐकणं ख्यालाचंच असणार, ते बरंच आहे. आणि डोकं फिरणारच हो. इलेक्ट्रोस्टॅटिकमध्ये साध्या स्पीकरातला हलणारा शंकू, म्हणजे कोन, नसतोच, दोन जाळीदार प्लेटांच्या मधे एक अतिशय पातळ फिल्म ताणलेली असते, तिला काही हजार व्होल्टचा चार्ज दिलेला असतो आणि अख्खी फिल्मच हलते, त्यामुळं मींड, तानेतला दाणा, तानपुऱ्याची जवारी एवढं उघडं ऐकू येतं की घरी आल्यावर आपला स्पीकर गोधडीखालून गातोय असं वाटतं. क्वाड कंपनीनं 1957 साली काढलेल्या पॅनलचं नाव गळ्यासाठी आजही घेतात ते उगीच नाही.

पण हा पॅनल मागच्या बाजूनंही तेवढाच वाजतो, तेही उलट्या फेजमध्ये, म्हणजे पुढं हवा ढकलताना मागं ओढतो, आणि भिंत जवळ असली की सगळा चिखल होतो. मागं तीन-चार फूट मोकळं ठेवायला लागतं. म्हणजे तुमच्या 14 फुटांतले चार तिथंच गेले, पॅनल हॉलच्या मधे उभे, आणि घरातल्यांनी त्यांना वळसा घालून फिरायचं. शिवाय प्रत्येक पॅनलला वेगळा प्लग, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यातली दमट हवा न् धूळ दोन्ही त्या हाय व्होल्टेजला मानवत नाहीत. मॅग्नेपॅन नावाच्या दुसऱ्या जातीच्या पॅनलला प्लग लागत नाही, त्यात फिल्मवर तारा आणि शेजारी मॅग्नेट, पण भिंतीचं गाऱ्हाणं तेच.

हॉर्नचं, म्हणजे भोंग्यासारख्या तोंडाच्या स्पीकरचं म्हणाल तर ते सुचवणारा खोटं बोलत नाही. क्लिप्शहॉर्न 1946 पासूनचा, 1 वॅटला 100 डेसिबलच्याही वर जातो, आठ वॅटच्या ट्यूब ॲम्पवर हॉल भरतो. मात्र तो कोपऱ्यासाठीच बनवलाय, त्याच्या बासचा शेवटचा भाग म्हणजे तुमच्या भिंतीच, तेव्हा दोन कोपरे रिकामे पाहिजेत. आहेत का? आणि मुळात गरज काय? 1 वॅटला 83 डेसिबल देणारा छोटा स्पीकरसुद्धा 40 वॅटवर एक मीटरवर 99 डेसिबलपर्यंत जातो, त्या आवाजात ख्याल कोण ऐकतंय, शेजारी सोडून.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे, बंद डब्याचा, स्टँडवर ठेवायचा, बीबीसीच्या एलएस3/5ए जातीचा स्पीकर घ्या. बीबीसीनं तो 1970 च्या दशकात बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाडीत बसेल एवढा लहान केला, आणि बोलण्याचा-गाण्याचा आवाज खरा यावा हीच अट होती. हार्बेथ कंपनीचा पी3ईएसआर त्याच वळणाचा आहे. बास कमी पडेल म्हणाल, तर काळी एक पट्टीतल्या तानपुऱ्याचा खर्ज 70 हर्ट्झच्या आसपास येतो, तिथपर्यंत हे डबे पोचतात. डब्याला मागं भोक नसल्यानं भिंतीपासून दीड फूट पुरे झालं. ट्वीटर, म्हणजे डब्यातला उंच स्वरांचा छोटा स्पीकर, कानाच्या उंचीला आणा, टाइल्सवर जाड सतरंजी टाका आणि सोफा भिंतीपासून जमेल तेवढा पुढं ओढा, यानं जो फरक पडतो तो बघाच.

प्रश्न : स्पीकरची वायर किती भारी घ्यावी?

उत्तर : इलेक्ट्रिकच्या दुकानातली अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची घ्या. पाच मीटर लांबीला जाऊन-येऊन रेझिस्टन्स 0.07 ओहम होतो, आठ ओहमच्या स्पीकरला तो कळतही नाही. उरलेले पैसे स्टँडला घाला, हलका स्टँड डगडगतो.