समुद्रातल्या तेल-वायू उत्पादनाचं उत्सर्जन सरकारी धोरणाने खरंच कमी होतं का?
होतं, पण धूर सोडणं कंपनीला महाग पडलं तरच. नॉर्वेत १९९१ पासून समुद्रातल्या उत्पादनावर कार्बन कर आहे. तिथल्या स्लाइप्नर क्षेत्रातल्या नैसर्गिक वायूत कार्बन डायऑक्साइड जास्त असल्याने तो विक्रीआधी वेगळा काढावाच लागतो. हवेत सोडला की कर भरा! म्हणून १९९६ पासून तो समुद्रतळाखालच्या खाऱ्या पाण्याने भरलेल्या वालुकाश्मात सोडायला सुरुवात झाली.

समुद्रात तेल-वायू काढण्यासाठी उभारलेल्या फलाटावरचं सर्वांत मोठं दुखणं म्हणजे वीज. ती बहुतेक ठिकाणी तिथेच टर्बाइनमध्ये वायू जाळून करतात. नॉर्वेच्याच योहान स्वेरड्रूप तेलक्षेत्राला मात्र किनाऱ्यावरून केबलने वीज जाते. जुन्या फलाटांवर हे बदल फार खर्चिक ठरतात, त्यामुळे नव्या प्रकल्पाला परवानगी देतानाच ही अट घालावी, असं माझं ठाम मत आहे.

ब्रिटनने २०२१ मध्ये उद्योगाशी करार केला: २०१८ च्या तुलनेत २०३० पर्यंत उत्पादनातलं उत्सर्जन निम्म्यावर आणायचं. यात ग्राहकाकडे तेल जळताना होणारं उत्सर्जन धरलेलं नाही, आणि मोठा वाटा तर त्याचाच असतो. मिथेन, म्हणजे नैसर्गिक वायूचा मुख्य घटक, किती गळतो याची मोजणीही सक्तीची हवी; न पेटता निसटलेला वायू डोळ्यांना दिसत नाही.