‘संस्थान’, ‘प्रांत’ की ‘टेरिटरी’?

अमेरिकेच्या इतिहासावरच्या एका लेखाचे भाषांतर करणाऱ्या वाचकाने विचारले आहे: “‘१८०३ मध्ये ओहायो प्रांताला संस्थानाचा दर्जा मिळाला’ हे वाक्य चालेल का? टेरिटरीला प्रांत आणि स्टेटला संस्थान म्हणावे का?”

माझ्या मते यातला ‘दर्जा’ तेवढा ठेवावा. बाकीचे दोन्ही शब्द बदलायला हवेत.

आधी ‘संस्थान’. इंग्रज अमदानीत औंध, सांगली, जमखिंडी यांनाही इंग्रजीत स्टेटच म्हणत, त्यामुळे ‘अमेरिकेची संयुक्त संस्थाने’ हे नाव त्या काळच्या वाचकाला खटकण्याचे कारण नव्हते. (पंडिता रमाबाईंनी मात्र १८८९ सालच्या आपल्या पुस्तकाच्या नावातच ‘युनायटेड स्टेट्स’ हा शब्द जसाच्या तसा ठेवला.) आज संस्थान म्हटले की राजा, राजवाडा, दत्तकाचे वाद आठवतात. अमेरिकेतली स्टेट्स तर राजाला झुगारूनच उभी राहिली.

तरी त्या जुन्या नावाने एक गोष्ट अचूक पकडली होती, ती म्हणजे अनेकवचन. १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात ब्रिटनच्या तेरा वसाहती स्वतःला ‘मुक्त आणि स्वतंत्र स्टेट्स’ म्हणवतात. १७८१ मध्ये अमलात आलेल्या त्यांच्या आपसातल्या करारात तर प्रत्येकाचे सार्वभौमत्व ज्याचे त्याच्याकडे राहील, असे स्पष्ट लिहिले होते. १७८७ च्या राज्यघटनेतले देशद्रोहाचे कलम मुळातून वाचण्यासारखे आहे. संयुक्त संस्थानांविरुद्ध देशद्रोह म्हणजे ‘त्यांच्या’विरुद्ध युद्ध करणे किंवा ‘त्यांच्या’ शत्रूंना साथ देणे. गुलामगिरी बंद करणाऱ्या १८६५ च्या तेराव्या दुरुस्तीतही ‘त्यांच्या’ अधिकारक्षेत्रातली जागा असाच उल्लेख आहे. इंग्रजीत एकवचन सर्रास रुळले ते यादवी युद्धानंतर, तेही हळूहळू. तो १७७६ चा जाहीरनामा लिहिणारे आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले जेफरसन ‘माझा देश’ म्हणत तेव्हा पुष्कळदा त्यांच्या मनात व्हर्जिनिया असे! म्हणून १७८० च्या दशकाबद्दल लिहिताना ‘अमेरिकेने ठरवले’ हे वाक्य सहज हातून उतरले, तरी ‘राज्यांनी मिळून ठरवले’ हे जास्त खरे ठरते.

स्टेटसाठी ‘राज्य’च वापरा. आपली राज्यघटना लागू झाल्यापासून तो शब्द पक्का झाला आहे. फक्त एक तळटीप द्या, की तिथली मूळ तेरा राज्ये आधीची आणि केंद्र नंतरचे.

‘प्रांत’ मात्र टेरिटरीला अजिबात शोभत नाही. मुंबई प्रांत म्हणजे वरच्या सत्तेने कारभाराच्या सोयीसाठी आखलेला विभाग. कॅनडाच्या बाबतीत प्रांत म्हणा, तिथे तो बरोबर बसतो. अमेरिकेतली टेरिटरी ही वाटेतली अवस्था होती, आणि ती वाट १३ जुलै १७८७ च्या कायद्याने आखून दिली. सुरुवातीला काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, नेमलेला गव्हर्नर, एक सचिव आणि तीन न्यायाधीश. सज्ञान मुक्त पुरुषांची संख्या ५,००० झाली की लोकांनी निवडलेली सभा. मुक्त रहिवासी ६०,००० झाले की राज्य, आणि तेही मूळ राज्यांच्या अगदी बरोबरीचे. ही ‘बरोबरी’ मला सगळ्यात मोलाची वाटते. ब्रिटनने आपल्या वसाहतींना असे वचन कधीच दिले नव्हते. वाचकाच्या वाक्यातला ‘दर्जा’ म्हणूनच चपखल आहे.

‘केंद्रशासित प्रदेश’ हा पर्याय सुचतो आणि तो बराच जवळचा आहे. गोवा १९८७ मध्ये याच वाटेने राज्य झाला. पण आपल्याकडचा प्रत्येक केंद्रशासित प्रदेश राज्य होण्यासाठी निर्माण झालेला नाही. त्यापेक्षा पहिल्या उल्लेखात ‘टेरिटरी, म्हणजे अजून राज्य न झालेला, केंद्राच्या अखत्यारीतला प्रदेश’ असे लिहावे आणि पुढे सरळ ‘टेरिटरी’ म्हणावे.

शिवाय ‘ओहायो टेरिटरी’ नावाचा प्रदेश तेव्हा नव्हताच. ज्या टेरिटरीतून ओहायो राज्य निघाले तिचे अधिकृत नाव ‘ओहायो नदीच्या वायव्येकडील प्रदेश’ असे होते. १८०० मध्ये तिच्यातून इंडियाना टेरिटरी वेगळी काढली गेली, आणि उरलेल्या पूर्व भागातून ओहायो राज्य झाले. तेव्हा वाक्य असे करावे: ‘१८०३ मध्ये वायव्य टेरिटरीच्या पूर्व भागाला ओहायो या नावाने राज्याचा दर्जा मिळाला.’

जाता जाता आणखी एका शब्दाबद्दल सांगायलाच हवे. अशा लेखांत ‘नवा प्रदेश वसवला’ हे हमखास येते. ‘वसवला’ म्हटले की आधी तिथे ओसाड रान होते असे वाटते. प्रत्यक्षात तिथे शॉनी, मियामी, डेलावेअर हे लोक राहत होते, शेती करत होते. १७८७ च्या त्याच कायद्यात त्यांच्या जमिनी त्यांच्या संमतीशिवाय घेतल्या जाणार नाहीत असे कलम आहे. पुढे १७९४ मध्ये फॉलन टिंबर्सच्या लढाईत त्यांचा पराभव झाला, आणि १७९५ च्या ग्रीनव्हिल तहात आजच्या ओहायोचा बहुतेक भाग त्यांना सोडून द्यावा लागला. म्हणून ‘वसवला’ऐवजी ‘गोऱ्यांनी वस्ती केली’ लिहा आणि ‘रेड इंडियन’ऐवजी त्या त्या लोकांचे नाव घ्या. मियामींचा उल्लेख आला तर फ्लोरिडातल्या शहराशी गल्लत होऊ नये म्हणून तिथेही एक तळटीप लागेल.