‘बाबा गेले’ ही गंमत आहे का?

प्रश्न : माझा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. गेल्या महिन्यात गणपतीचे दर्शन घेऊन आम्ही कृष्णेच्या घाटावर भडंग खात बसलो होतो. मुलाचे लक्ष नाही असे पाहून माझे पती भिंतीआड लपले आणि मोबाईलवर चित्रण करू लागले. मीही ठरल्याप्रमाणे “बाबा गेले आपल्याला सोडून” असे म्हटले. मुलगा ओक्साबोक्शी रडला. तो व्हिडिओ नातेवाइकांच्या ग्रुपवर सर्वांना फार आवडला. पण तेव्हापासून मी न्हाणीघरात गेले तरी तो दाराशी उभा राहून हाका मारतो. सासूबाई म्हणतात, “तुझ्या नवऱ्यालाही आम्ही ‘जुन्या कपड्यांवर बोहारणीकडून घेतलाय’ म्हणून चिडवायचो, त्याचे काय बिघडले?” मी उगाच बाऊ करते आहे का?
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : नाही, आपण बाऊ करत नाही. अशा एका प्रसंगाने मूल कायमचे दुखावते असे मी म्हणणार नाही. ज्या घरात एरवी माया आहे, तिथे हा ओरखडा भरून निघतो. मात्र या गमतीत मुलाच्या वाट्याला गंमत आलीच नाही, हे आपण दोघांनी मान्य करायला हवे.

काय चालले आहे हे कळेनासे झाले की लहान मूल आईबाबांचा चेहरा वाचते. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात वर्षभराच्या बाळांना काचेवरून रांगत आईकडे जायचे होते आणि काचेखाली खोलगट भाग दिसत होता. आईचा चेहरा हसरा असताना १९ पैकी १४ बाळे पलीकडे गेली; तिच्या चेहऱ्यावर भीती दिसली, तेव्हा १७ पैकी एकही गेले नाही. घाटावर बाबा दिसेनात म्हणून आपल्या मुलानेही आपल्याकडेच पाहिले असणार, आणि आपण तर “गेले” असेच सांगत होता. त्यातच, दुसरा माणूस आपली मुद्दाम खोटी समजूत करून देऊ शकतो हे मुलांना नीट उमजू लागते ते साधारण चौथ्या वर्षाच्या सुमारास. त्यामुळे “अरे, गंमत केली” एवढे सांगून त्याची समजूत पटत नाही.

सासूबाईंच्या काळातले चिडवणे मलाही पसंत नाही, पण तेव्हा रडू फुटले की कोणीतरी मुलाला लगेच कडेवर घेई. हातात मोबाईल असला की रडणेच टिपायचे असते आणि जवळ घ्यायला उशीर होतो. माझा खरा आक्षेप या उशिराला आहे.

तो व्हिडिओ ग्रुपवरून काढून टाका. बाबांनी स्वतः त्याला सांगावे, “मी लपलो होतो, तू घाबरलास, माझे चुकले.” ‘घाबरट’ हा शब्द घरात कोणीही वापरू नये. कुठेही जाताना, अगदी न्हाणीघरात जातानासुद्धा, त्याला सांगून जा आणि सांगितल्याप्रमाणे परत या. काही आठवड्यांनंतरही त्याचे घाबरणे ओसरले नाही किंवा झोप बिघडू लागली, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. लपंडाव मात्र बंद करू नका. तूर्त लपायची पाळी मुलाची असू द्या, आणि पडद्याखाली त्याची पावले दिसत असली तरी बाबांनी “कुठे गेला बरे हा?” म्हणत सारे घर धुंडाळावे.