आधी काम वाच

प्रिय,

तुझा मसुदा दोनदा वाचला. एकोणिसाव्या शतकातला छायाचित्रकार एमर्सन याने इंग्लंडातल्या नॉरफोकच्या मजुरांचा गौरव केला की त्यांना वापरून घेतलं, यावर तू पानंच्या पानं खर्च केली आहेस. पण त्याच्या ‘पोलिंग द मार्श हे’ या छायाचित्रात चाललंय काय, यावर एक ओळही नाही. बाईच्या हातातले दांडे तुला दिसले, पण ते कशासाठी हे तू विचारलंच नाहीस.

दलदलीत गाडी रुतते. म्हणून गवताच्या ढिगाखाली दोन लांब दांडे सारायचे आणि एकाने पुढून, एकाने मागून ढीग उचलून कोरड्या जागी न्यायचा. दोघांची पावलं जुळली नाहीत तर ओझं कलतं. एवढं कळलं की त्या बाईच्या उभं राहण्याला अर्थ येतो. त्याआधी तिला ‘उदात्त’ म्हणणं म्हणजे तिच्याकडे न पाहणंच.

आधी काम वाच. त्याच्याच ‘रिकिंग द रीड’मध्ये दलदलीतल्या बोरूच्या पेंढ्यांची गंजी रचली जाते आहे. हा बोरू छपरं शाकारायला लागतो आणि पानं झडल्यावर हिवाळ्यात कापतात. तू मात्र त्या फिक्या आभाळाला ‘विषण्ण’ म्हणून मोकळा झालास. आधी ऋतू तरी बघायचास!

त्या काळच्या छायाचित्रांतल्या धूसरपणाचंही तेच. मी स्वतः कितीतरी वर्षं त्याला नुसतं ‘काव्य’ म्हणत राहिलो, त्याची खंत आहे. त्याची कारणं वेगवेगळी असतात. फोकसमुळे आलेला धूसरपणा एका अंतरावरच्या सगळ्याच वस्तूंवर सारखा पसरतो. हालचालीचा फक्त हलत्या हातावर किंवा अवजाराच्या टोकावर, आणि एकाच दिशेने ओढलेला. छपाईचा असेल तर कागदाचा पोत नाहीतर ब्रशचे फटकारे चित्रभर दिसतात. 1890 च्या दशकात फ्रेंच छायाचित्रकार दमाशीसारखे लोक गम छपाईत (डिंक आणि रंग वापरून केलेल्या छपाईत) नको तो तपशील धुऊन काढत. तिथे मजुराचा हात नाहीसा झाला असेल, तर तो छायाचित्रकाराचा निर्णय. एमर्सन वापरी ती प्लॅटिनम प्रिंट (प्लॅटिनमच्या क्षारांनी छापलेली प्रत) निगेटिव्हला कागद टेकवून, त्याच आकारात निघते. पडद्यावरच्या बोटभर प्रतीवरून तिच्याबद्दल बोलू नकोस.

तू एमर्सन आणि त्याच काळातला दुसरा छायाचित्रकार रॉबिन्सन यांना एकाच दावणीला बांधलंस, याचा मला राग आला. रॉबिन्सन खऱ्या खेडुतांऐवजी सुखवस्तू बायकांना गावठी कपडे घालून उभं करी आणि तसं लिहीतही असे. त्याच्या चित्रात वेश वाचायचा, एमर्सनच्या चित्रात काम. एमर्सनही माणसांना उभं करून फोटो घेई. पण दांडा कसा धरायचा हे त्या बाईला तो शिकवू शकत नव्हता.

ही दोन्ही चित्रं ज्यात आहेत तो, चित्रकार गुडॉलसोबत केलेला एमर्सनचा संग्रह 1886 चा, 40 प्लॅटिनम प्रिंट्सचा. एमर्सनचं छायाचित्रणाच्या सिद्धान्ताचं पुस्तक 1889 चं, आणि छायाचित्रण ही कला आहे हा त्यातला मुख्य दावा त्याने लवकरच जाहीरपणे मागे घेतला. तेव्हा चित्रांवर ते पुस्तक लादू नकोस. त्यापेक्षा हे लक्षात घे: 1874 मध्ये पूर्व इंग्लंडातल्या शेतकऱ्यांनी संघटनेत गेलेल्या मजुरांना कामावरून बाहेर ठेवलं होतं, आणि 1884 च्या कायद्याने खेड्यातल्या अनेक मजुरांना मत मिळालं. ही चित्रं त्यानंतरची आहेत. तुझा गौरव-शोषणाचा प्रश्न इथून पुढे विचार.

मी तपशिलात अडकतो, असं लोक म्हणतात. अडकतोच. हात, अवजार आणि ओझं सोडून मजुराबद्दल लिहायचं कशाच्या बळावर?

आता मसुदा बाजूला ठेव. दहा चित्रं घे आणि प्रत्येकाखाली तीनच गोष्टी लिही: काम कोणतं, हातात काय, वजन कुठे पडतंय. ‘उदात्त’ हा शब्द न वापरता. मग मला पाठव.