मापाची वही कुणाला दाखवायची नाही

अगं, तुझा मेल आल्यापासून डोक्यात तेच चाललंय. ग्रुपमधल्या मित्राने तालमीनंतर तुला एकटीला गाठून सांगितलं की तो एचआयव्ही पॉझिटिव्ह आहे, आणि आता तू मला विचारतेस की दिग्दर्शकाच्या कानावर घालू का, पुढच्या महिन्यात दौरा आहे, मध्येच काही झालं तर, वगैरे. तर आधी उत्तर, मग माझं पुराण. कुणालाही सांगायचं नाही. दिग्दर्शकाला नाही, तुझ्या आईला नाही, आणि "फक्त तुलाच सांगते हं" म्हणून जवळच्या मैत्रिणीला तर अजिबातच नाही. तुमच्याकडे भारतात आता एचआयव्हीबद्दलचा 2017 चा कायदा आहे, सप्टेंबर 2018 पासून लागू झालाय, विश्वासाने कळलेली ही गोष्ट त्या माणसाच्या संमतीशिवाय पुढे सांगता येत नाही आणि एवढ्या कारणावरून त्याला कामावरून काढताही येत नाही. पण कायदा नसता तरी मी हेच म्हटलं असतं.

कारण मी कपडेपटातली बाई. लग्न करून इथे न्यूयॉर्कला क्वीन्समध्ये आले, शिवणकाम येत होतं म्हणून मॅनहॅटनमधल्या एका कॉस्च्युम शॉपमध्ये लागले, मग ब्रॉडवेवर, म्हणजे इथल्या मोठ्या व्यावसायिक नाटकांत, ड्रेसर झाले. म्हणजे विंगेत अंधारात उभं राहायचं, नट धावत आला की एक शर्ट काढायचा दुसरा चढवायचा झिप लावायची आणि त्याला परत स्टेजवर ढकलायचं, आठवड्याला आठ प्रयोग, बुधवारी आणि शनिवारी दोन-दोन. आणि ऐंशीच्या दशकात, एड्सच्या त्या दिवसांत, आजार पहिल्यांदा कुणाला कळायचा माहितेय? आईबापाला नाही, कधीकधी डॉक्टरलाही नाही. आम्हाला. पँट कमरेत घ्यायला यायची. आज अर्धा इंच, काही आठवड्यांनी परत अर्धा इंच, डान्सर पोरगा, म्हणायचा डाएट करतोय, आणि आम्ही बरं म्हणून टाचण्या लावायचो. मापाच्या वहीत सगळं तारखेनिशी लिहिलेलं असायचं, ती वही आमची हेड कुलुपात ठेवायची. मानेवर, पायावर कापोसीचे, म्हणजे एड्समध्ये होणाऱ्या एका कॅन्सरचे, जांभळट डाग यायला लागले की ते पॅनकेक मेकअपने झाकायचे आणि आम्ही कॉलर जरा उंच करून द्यायचो, बाही लांब करायचो, डिझायनरला सांगायचो की लाइटमध्ये बरं दिसतंय. डिझायनरला काय कळायचं नाही का, कळायचंच. पण कुणी बोलायचं नाही.

आता तू म्हणशील की मग त्या काळातल्या गप्प बसण्यानेच तर सगळा घात केला. अर्धं खरं आहे. बाहेर जी चुप्पी होती ती भयंकर होती. एड्सच्या पहिल्या पाच केसेस 5 जून 1981 ला लॉस एंजेलिसहून छापून आल्या, आणि त्यानंतर कितीतरी वर्षं पेपरात मृत्यूची बातमी यायची त्यात "दीर्घ आजार", "न्यूमोनिया", "कॅन्सर" एवढंच. 'अ कोरस लाइन' हे ब्रॉडवेचं गाजलेलं संगीत नाटक बसवणारा मायकल बेनेट, त्याने 1986 मध्ये 'चेस' हे नवं नाटक हातातून सोडलं तेव्हा हृदयाचा त्रास आहे असं सांगितलं गेलं. पुढच्या वर्षी जुलैत गेला, 44 वर्षांचा. मी त्याला नावं ठेवणार नाही. नाव बाहेर आलं की काम जायचं, काम गेलं की इन्शुरन्स जायचा, कारण युनियनचा हेल्थ इन्शुरन्स तुम्ही किती आठवडे काम केलंय त्यावर, म्हणजे नेमका आजारी पडल्यावरच तो सुटायचा. त्याच्या पाचेक आठवडे आधी, 28 मे 1987 ला, चार्ल्स लडलम हा नट-नाटककार गेला, तोही 44 चाच, आणि त्याची बातमी न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर होती, एड्स हे नाव लिहून. त्याचं शेरिडन स्क्वेअरला तळघरात थिएटर होतं, तिथे 1984 मध्ये 'द मिस्टरी ऑफ इर्मा व्हेप' केलेलं, सगळी पात्रं दोनच माणसं करायची, लडलम आणि त्याचा जोडीदार एव्हरेट क्विंटन, आणि कपडेही क्विंटननेच केलेले. आम्ही कपडेपटवाले ते बघायला जायचो ते गोष्टीसाठी नाही, बाई आत गेली आणि गडी होऊन बाहेर आला तो स्पीड बघायला! लडलम गेल्यावर कंपनी क्विंटनने पुढे चालवली, चांगली दहा वर्षं.

तर ती चुप्पी सरकारची, पेपरवाल्यांची, घरच्यांची. आमची वेगळी होती. आमच्या वहीतली गोष्ट त्या पोराची होती, ती कधी उघडायची हे तो ठरवणार. हा फरक तुला कळला तर बाकी पत्र नाही वाचलंस तरी चालेल.

आपल्याकडे लहानपणापासून ऐकवतात ना, 1911 चा 'मानापमान'चा पहिला प्रयोग, बालगंधर्वांची लहान मुलगी त्याच दिवशी गेली आणि तरी ते उभे राहिले. मलाही आजोबांनी डोळ्यांत पाणी आणून सांगितलेली. पण मला हल्ली त्या गोष्टीचा थोडा राग येतो, त्यांचा नाही, गोष्टीचा. पडदा पडल्यावर रंगपटात त्यांच्याजवळ कोण बसलं, त्या रात्री कोण जेवलं कोण नाही, ते कुणीच सांगत नाही. मला इथे जे बघायला मिळालं ते सगळं त्या न सांगितलेल्या भागातलं.

एक पोरगा होता, टेक्ससचा, स्विंग. स्विंग म्हणजे कोरसमधल्या सगळ्यांची कामं पाठ असलेला माणूस, कुणीही पडलं की त्याच्या जागी हा उभा. दोन प्रयोगांच्या दिवशी माझ्या डब्यातलं थालीपीठ अर्धं त्याचं ठरलेलं, तेही लोणच्याबरोबर, तिखटाने नाक गळायचं तरी. तो हॉस्पिटलमध्ये पडला तेव्हा नवीन आलेल्या स्विंगला त्याने तिथे बोलावून घेतलं आणि पलंगाच्या चादरीवर दोन बोटं चालवून सगळे फॉर्मेशन शिकवले, पाच-सहा-सात-आठ, इथून वळ, इथे तिचा हात पकड, नाहीतर ती पडते. त्याच्या स्विंगच्या वहीत लिहिलेलं होतं सगळं पण वहीत तो "नाहीतर पडते" नसतो. त्याला कुणी "तू आराम कर रे" म्हटलं नाही हे मला फार आवडलं. नर्स म्हणाली तेवढी.

बाकी मैत्री म्हणजे ड्यूटी लावलेली असायची. खरंच कागदावर. सोमवारी थिएटर बंद, तेव्हा कपडे कोण धुणार, मंगळवारी सूप कोण नेणार, कुत्र्याला कोण फिरवणार, इन्शुरन्सचे फॉर्म कोण भरणार (हे काम कुणालाच नको असायचं, एका ट्रंपेटवाल्याने ते वर्षानुवर्षं केलं). 43 व्या रस्त्यावर मॅनहॅटन प्लाझा म्हणून बिल्डिंग आहे, 1977 पासून बहुतेक नाटक-संगीतवाल्यांचीच घरं, तिथे तर एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर डबे चालायचे. पैसे उभे करायला 'अ कोरस लाइन'च्या लोकांनी शूबर्ट थिएटरच्या बाहेर टेबलं टाकून वस्तू विकल्या, नटांच्या युनियनने 1987 मध्ये फंड काढला, निर्मात्यांनी पुढच्या वर्षी दुसरा, 1992 मध्ये दोन्ही एक झाले आणि अजून प्रयोगानंतर लाल बादल्या घेऊन नट दारात उभे राहतात.

सगळेच चांगले वागले असं समजू नकोस. आमच्यातच एक जण एका आजारी पोराचे शर्ट हातमोजे घालून उचलायची आणि वेगळे धुवा म्हणून हट्ट धरायची. हेडने काय करावं, स्वतःचा एप्रन काढला, त्याच शर्टांबरोबर मशीनमध्ये टाकला आणि बटण दाबलं, भाषण नाही काही नाही. आणि कुणाचे आईवडील लांबून यायचे, बॉडी घेऊन जायचे, सोबत राहणाऱ्या मित्राला नातेवाईकांच्या यादीत जागा नाही, भाड्याच्या करारावर नाव नाही, तो दोन बॅगा घेऊन फुटपाथवर. ऑक्टोबर 1987 मध्ये वॉशिंग्टनला एड्सने गेलेल्यांच्या नावांची ती मोठी गोधडी अंथरली, 1,920 तुकडे, एकेक तीन फूट बाय सहा फूट, तेव्हा कितीतरी तुकडे आमच्यासारख्यांनी रात्री शोनंतर बसून शिवलेले होते, उरलेल्या सॅटिनचे, टिकल्यांचे. त्यात नाव पूर्ण लिहायचं की नुसतं पहिलं, यावरून भांडणं व्हायची.

दादरहून बहिणीचा फोन यायचा तेव्हा ती म्हणायची, असले रोग तुमच्या अमेरिकेतले बाई. मग 1986 मध्ये मद्रासला डॉक्टर सुनीती सॉलोमन यांनी, माहेरच्या गायतोंडे, भारतातल्या एचआयव्हीच्या पहिल्या केसेस शोधून काढल्या, आणि बहिणीने विषय बदलला.

आता मुख्य. तुझ्या मेलमध्ये एक वाक्य आहे, "त्याच्याकडे बघितलं की रडू येतं." का गं? हे 1987 नाहीये. 1996 पासून औषधांचं चित्रच पालटलं, तुमच्याकडे सरकारी एआरटी सेंटरवर, म्हणजे एचआयव्हीच्या औषधोपचार केंद्रावर, 2004 पासून गोळ्या फुकट मिळतात, वेळेवर घेतल्या, रक्तात व्हायरस सापडेनासा झाला आणि तसाच राहिला की शरीरसंबंधातूनही तो दुसऱ्याला जात नाही. घामातून, एका ताटातून, एकच जॅकेट दोघांनी घालण्यातून तर तो कधीच जात नव्हता. तो म्हातारा होईल, केस पिकतील, भूमिका मिळत नाहीत म्हणून कटकट करेल. माझ्या त्या नाटकातल्या पोरांचं दुःख त्याच्या अंगावर चढवू नकोस, त्याच्या मापाचं नाहीये ते. तू रडवेलं तोंड घेऊन फिरलीस तर बाकीचे विचारणारच काय झालं, आणि मग तू न सांगताही सांगितल्यासारखंच.

त्याला एवढंच विचार, काही करायचंय का? नाही म्हणाला तर विषय संपला. दौऱ्याचं म्हणशील तर गोळ्या सामानाच्या टेम्पोत न ठेवता स्वतःच्या खांद्यावरच्या बॅगेत ठेव, आणि निघायच्या आधी सेंटरवरून पुरेशा घेऊन ये, एवढं त्याला एकदा सांग, दुसऱ्यांदा नको. बसमध्ये नेहमी त्याच्या शेजारी बसत असशील तर बस, नसशील तर मुद्दाम बसू नकोस.

आणि नऊवारीच्या क्विक चेंजचं विचारलं होतंस ते राहिलंच. शिवलेलीच घे. झिप नको, अंधारात काठात अडकते, वेल्क्रो तर मुळीच नको, शांत सीनमध्ये टर्रकन आवाज येतो. मोठी टिचबटणं लाव, आत उलट्या बाजूला लाल दोऱ्याने खूण कर म्हणजे विंगेत टॉर्च मारला की वरचं-खालचं कळेल, आणि निऱ्या आतून टाके घालून पक्क्या कर. तालमीत घड्याळ लावून करून बघ आणि किती सेकंद लागतात ते कळव.

तुझी,
मावशी