मुलगी झाली, आता जीप विकायची का?

«ताई, मी नाशिकला राहतो, वय ३४. लग्नाआधी हौसेने घेतलेली तीन दारांची पेट्रोल जीप आहे, तिचं कर्ज याच दिवाळीत फिटलं. मी रोज कंपनीच्या बसने जातो, त्यामुळे गाडी महिन्याला पाचशे किलोमीटरच्या वर फिरत नाही. आठ महिन्यांपूर्वी मुलगी झाली. बायको म्हणते, जीप विकू आणि चांगलं ॲव्हरेज देणारी सीएनजीची पाच दारी गाडी घेऊ. जीप शहरात नऊच्या वर देत नाही, हे खरं आहे. जीपचे साडेसात लाख येताहेत, नव्या गाडीसाठी आणखी चार लाखांचं कर्ज लागेल. आई म्हणते, नात याच गाडीतून घरी आली, विकू नका. मित्र आत्तापासूनच चिडवतात. बायकोला गाडी चालवता येते, पण तिला तशी फार गरज नाही, डॉक्टरकडे वगैरे ती रिक्षानेच जाते. माझा मात्र जीव जीपमध्ये अडकलाय. मी स्वार्थी आहे का?»

नमस्कार.

स्वार्थी वगैरे काही नाही. स्वतःच्या कमाईची पहिली गाडी, तिच्यातून भर पावसात भंडारदऱ्याला जायचं, पहाटे साल्हेरच्या पायथ्याशी पोचायचं, आणि आता ती दुसऱ्याच्या हातात द्यायची म्हटलं की पोटात तुटणारच. मूल झाल्यावर बापाचंही बरंच काही मागे पडतं, आणि त्याची विचारपूस फारशी कोणी करत नाही. तुम्हाला वाईट वाटतंय ते तुमच्या बायकोला सरळ सांगा. तिच्याशी ॲव्हरेजवर वाद घालत बसू नका.

कारण मला तुमच्या पत्रात खटकलं ते दुसरंच. ती रिक्षाने जाते, हे तुम्ही जाता जाता लिहून गेलात. दारात गाडी उभी आहे, तिला चालवता येते, तरी लेकीला कडेवर घेऊन आणि डायपरची बॅग खांद्याला अडकवून ती कोपऱ्यावर रिक्षा शोधते. गरज नसती तर डॉक्टरकडे गेलीच नसती ना? मला वाटतं, तिला ती गाडी बाळाला घेऊन एकटीने वापरताच येत नाही.

एकदा नीट आठवून बघा. तीन दारांच्या गाडीत मागे बाळ ठेवायचं तर आधी पुढची सीट दुमडून पुढे ढकलायची. मग एक पाय फूटस्टेपवर, एका हातात आठ किलोचं हातपाय झाडणारं मूल, दुसरा तळहात तिच्या डोक्यावर, वरची कड लागू नये म्हणून. कमरेत वाकून आत शिरायचं, बाळाच्या सीटचे पट्टे तिच्या दोन्ही खांद्यांवरून घ्यायचे, मधलं बक्कल अडकवायचं. तोवर ती रडायला लागलेली. तुम्ही सोबत असता तेव्हा हे दोघांत निभावून जातं. एकटीला, तेही बाळंतपणातून उठलेल्या कमरेने, ते रोज जमण्यासारखं नाही.

मुलीची नवव्या महिन्याची गोवराची लस आता जवळ आली असेल. त्या दिवशी सुट्टी घ्या आणि लेकीला जीपमधून तुम्ही एकट्याने नेऊन आणा. आई नको, बायको नको. ही शिक्षा म्हणून सांगत नाहीये. एवढं केल्यावर तुम्हाला माझ्या उत्तराची निम्मी गरज उरणार नाही.

आता पैशाचं. बायकोचं म्हणणं मला पटतं, पण तिचा हिशोब पटत नाही. महिन्याला पाचशे किलोमीटर आणि नऊचं ॲव्हरेज म्हणजे साधारण छप्पन्न लिटर पेट्रोल. लिटरला १०५ रुपये धरले तर ५,८०० ते ५,९०० रुपये. सीएनजी गाडी किलोला चोवीस देते असं धरू, म्हणजे एकवीस किलो गॅस, किलोचे ९५ रुपये धरून दोन हजार. महिन्याला वाचतात पावणेचार ते चार हजार. आणि चार लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं की हप्ता बसतो ८,३०० रुपये. इंधनात वाचलेले पैसे हप्त्याच्या निम्म्यालाही धड पुरत नाहीत. दिवसाला पन्नास-साठ किलोमीटर गाडी फिरत असती तर गोष्ट वेगळी होती. तुमची गाडी सोमवार ते शुक्रवार पार्किंगमध्ये उभी असते.

मग जीप विकायची का? माझं मत, विका. इंधनासाठी नव्हे, ती रिक्षा सुटावी म्हणून विका. मात्र त्यासाठी कर्ज काढू नका. घरात लहान मूल आहे, उद्या पाळणाघराचा खर्च येईल, कदाचित तुमच्यापैकी एकाला काही महिने बिनपगारी रजा घ्यावी लागेल. नुकतंच एक कर्ज फिटलंय, लगेच दुसरा हप्ता कशाला मागे लावून घ्यायचा? साडेसात लाखांत दोन-तीन वर्षं एकाच मालकाने वापरलेली, सर्व्हिसचे कागद असलेली पेट्रोल हॅचबॅक मिळते. शहरात चौदा-पंधराच्या आसपास द्यायला हवी. म्हणजे हप्ता नाही, आणि पेट्रोलचेही महिन्याला दोन हजारांच्या वर वाचतील.

सीएनजीचा हट्ट तुमच्या वापराला मला पटत नाही. एकच मोठी टाकी असली की डिकी जवळपास संपते, आणि बाळाची बाबागाडी ठेवायची तर डिकीतच. हल्ली काही कंपन्या डिकीच्या तळाशी दोन लहान टाक्या बसवतात, त्यात सामानाला जागा राहते, पण अशा गाड्या नव्या असल्यामुळे सेकंडहँडमध्ये कमी दिसतात. शिवाय पंपावरच्या रांगेत भुकेलेलं मूल घेऊन थांबायचं, दर तीन वर्षांनी टाकीची चाचणी करून घ्यायची. पाचशे किलोमीटरसाठी एवढा व्याप नको.

गाडी बघायला जाल तेव्हा लेकीची सीट घरून घेऊन जा. विकणारा कुरकुरला तरी तिथेच बसवून बघा. मागच्या सीटची गादी आणि पाठ यांच्या फटीत हात घातला की लोखंडी कड्या लागल्या पाहिजेत, त्यांना आयसोफिक्स म्हणतात. बाळाची सीट त्यांत खटकन बसते, बेल्टने बांधायचा खटाटोप राहत नाही. या वयाच्या मुलाचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला असावं लागतं. डोकं जड आणि मान कोवळी असते, जोरात ब्रेक लागला तर सीटची पाठ दोन्हींना सांभाळते. अशी सीट बसवल्यावर पुढे तुमचे गुडघे मावतात का, तेही तिथेच बघून घ्या. आणि पुढे एअरबॅग असते, म्हणून ही सीट तिथे कधीही लावायची नाही. ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅपमध्ये आपल्याकडे गाड्या आदळवून त्यांच्या सुरक्षेची चाचणी होते, त्यात मुलांच्या सुरक्षेचे ४९ पैकी गुण वेगळे देतात. तुम्ही बघताय त्या मॉडेलची चाचणी झाली असेल तर तो आकडा आधी बघा.

आजी मांडीवर घेऊन बसत असतील तर त्यांनाही आत्ताच प्रेमाने सांगा. चाळीसच्या वेगात गाडी कशावर आदळली तर कोणाचेही हात बाळाला धरून ठेवू शकत नाहीत, आजीचेही नाहीत आणि तुमचेही नाहीत. कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीपासून चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा सीट नसेल तर हजार रुपये दंड आहे, पण दंडाच्या भीतीने करायची ही गोष्टच नाही.

आईंना वाटतं ते चूक आहे असं म्हणू नका. जीप द्यायच्या आधी त्यांच्या हातून तिला हळद-कुंकू लावा, नातीला मांडीवर घेऊन जीपपाशी एक फोटो काढा. नव्या गाडीची पूजाही त्यांच्याच हातून होऊ द्या. मित्रांचं म्हणाल तर ज्यांना अजून मुलं नाहीत त्यांचं चिडवणं दोन वर्षांत आपोआप थांबेल.

आणि तुमच्या भटकंतीचं काय? बायकोशी बोलून महिन्यातला एक रविवार मागून घ्या. साल्हेरच्या पायथ्यापर्यंत हॅचबॅकही जाते, पुढचा गड तर पायीच चढायचा असतो. दुसरा एक रविवार तिला द्या, पूर्ण दिवस, लेकीला तुम्ही सांभाळून. तिलाही लेकीच्या जन्मापासून कोणी सुट्टी दिलेली नाही, असं मी धरून चालते.

गाडी बघताना चाचणीसाठी पहिल्यांदा तिला बसू द्या, तुम्ही मागे लेकीजवळ बसा. तिला रिव्हर्स घेता येतंय का, मागचं दार अरुंद पार्किंगमध्ये पुरेसं उघडतंय का, हे तिनेच बघायचं. तिला पटली नाही तर दुसरी बघा, घाई नाही.

जीप विकताना मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून नुसती चावी देऊ नका. आरटीओत नाव बदललं की नाही याचा पाठपुरावा तुम्हीच करा. तोवर कागदोपत्री मालक तुम्ही असता, आणि त्या गाडीने काही केलं तर नोटीस तुमच्या घरी येते. इतकी वर्षं विम्याचा क्लेम घेतला नसेल तर नो क्लेम बोनसचं पत्र विमा कंपनीकडून मागून घ्या. ती सवलत गाडीच्या नव्हे, तुमच्या नावावर असते आणि दुसऱ्या गाडीच्या विम्यात वापरता येते.

तुमची,
ताई