मनुष्यबळाचा मासिक अहवाल निर्णयाच्या कामी कसा यावा?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतील आपल्या टॉवेल कारखान्याचा मनुष्यबळ अहवाल दरमहा वीस पानांचा होतो, पण मालक तो चाळूनही पाहत नाहीत; तेव्हा त्याला धोरणात्मक स्वरूप कसे द्यावे, असे आपण विचारले आहे. माझ्या मते आकडे गोळा करण्याआधी मालकांकडे जावे. येत्या तिमाहीत तिसरी पाळी सुरू करायची का, शिलाईसाठी कायम भरती करायची की ठेकेदाराची माणसे घ्यायची, हे त्यांच्याकडून समजून घ्यावे आणि त्या निर्णयांना लागतील तेवढेच आकडे पहिल्या पानावर द्यावेत.

गळतीचेच पाहा. समजा, सरासरी ४०० कामगारांपैकी महिन्यात १२ जणांनी काम सोडले. नुसत्या ३ टक्क्यांवरून काय करायचे ते कळत नाही. त्या १२ पैकी ९ जण शिलाई विभागातले आणि रुजू होऊन तीन महिनेही न झालेले असतील, तर सरसकट पगारवाढीचा विचार करण्याआधी भरतीच्या वेळी त्यांना काय सांगितले गेले आणि मुकादमाने त्यांना काम कसे शिकवले, हे तपासावे लागेल. (सहा जणांच्या खात्यातून एक गेला तर १७ टक्के गळती लिहू नये, एक माणूस गेला, असेच लिहावे.)

गैरहजेरी मात्र रुपयांत मांडावी. कायद्यानुसार जादा कामाला दुप्पट दर द्यावा लागतो. बिनपगारी गैरहजर कामगाराची पूर्ण पाळी तेवढ्याच रोजाच्या दुसऱ्याने जादा कामात भरून काढली, तर एक रोज वाचतो आणि दोन जातात, म्हणजे अशा प्रत्येक खाड्यामागे एका रोजाचा निव्वळ भुर्दंड पडतो. जानेवारीचे खाडे डिसेंबरशी ताडून पाहू नयेत, कारण संक्रांतीला सोलापुरात सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा असते आणि तेव्हा हजेरी घटते. मागील जानेवारीशी तुलना केली, तर माल पाठवण्याच्या तारखा देतानाच ती घट धरता येते.

मस्टर, भविष्य निर्वाह निधीचे विवरण आणि ठेकेदाराची यादी यांतील संख्या जुळत नसेल, तर फरकाचे कारण आपणच आधी लिहावे. न कळवता गावी गेलेला कामगार अहवालात किती दिवसांनी ‘सोडून गेला’ धरायचा, तेही एकदा ठरवून कायम ठेवावे.

जुनी पाने परिशिष्टात राहू द्यावीत. पहिल्या पानावर प्रत्येक आकड्यापुढे काय ठरले आणि ते कोणी करायचे, असा रकाना ठेवावा. तो सलग तीन महिने रिकामा राहिला, तर तो आकडाही परिशिष्टात हलवावा.